मीडिएटर संकुल

मीडिएटर संकुल : मानवासह दृश्यकेंद्रकी सजीवांच्या पेशींत जनुकांचे प्रतिलेखन सुरू करण्यास साहाय्य करणारा प्रथिनांचा मोठा समूह. प्रथिनांची माहिती असलेल्या जनुकांवरून आरएनए बनवण्याचे काम आरएनए पॉलिमरेज-2 हे विकर करते. कोणते जनुक केव्हा चालू व्हावे, हे मात्र डीएनएवरील वर्धक भागाला चिकटणारी सक्रियक प्रथिने ठरवतात. त्यांचा संदेश पॉलिमरेजपर्यंत पोहोचवणारा प्रमुख दुवा म्हणजे मीडिएटर.

शोध : 1990 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत यीस्टवर प्रयोग झाले. मिश्रणात एक सक्रियक जास्त प्रमाणात घातला की दुसऱ्याचा परिणाम दबे. यीस्टचा अर्क अंशतः शुद्ध करून त्यात मिसळला की तो पुन्हा दिसे. दोन्ही सक्रियकांना लागणारा एखादा सामाईक घटक अर्कात असावा, हे यावरून उघड झाले. 1996 मध्ये रॉबर्ट रोडर यांच्या प्रयोगशाळेला मानवी हेला पेशींत थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीसोबत असाच समूह आढळला. ट्रॅप, ड्रिप, आर्क, क्रिस्प अशा नावांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी वेगळे केलेले समूह मुळात एकाच संकुलाची रूपे ठरले. 2004 मध्ये त्यांच्या उपघटकांसाठी ‘मेड’ आणि क्रमांक अशी समान नामावली स्वीकारली गेली.

रचना व कार्य : मानवी संकुलाच्या गाभ्यात सुमारे 26 उपघटक असून त्यांचे शीर्ष, मध्य व पुच्छ असे भाग पडतात, मेड14 त्यांना एकत्र बांधून ठेवते. सक्रियकांशी प्रामुख्याने पुच्छ जोडले जाते, तर शीर्ष व मध्य पॉलिमरेजला धरतात. पॉलिमरेजच्या शेपटीत सात अमिनो आम्लांचा क्रम 52 वेळा येतो. टीएफआयआयएच या प्रतिलेखन घटकातील सीडीके7 हे विकर या शेपटीवर फॉस्फेट गट जोडते आणि मीडिएटर त्या क्रियेला वेग देते. फॉस्फेट जोडले गेले, की मीडिएटरची पकड सुटून पॉलिमरेज पुढे सरकते.

सीडीके8, सायक्लिन-सी, मेड12 व मेड13 यांचा चौथा भाग सुटा होऊ शकतो. तो जोडलेला असताना पॉलिमरेज संकुलाला जोडले जात नाही. म्हणजे जनुक चालू करण्याइतकेच त्याला आवर घालणेही मीडिएटरकडे आहे.

विकार : 2011 मध्ये फिनलंडमधील संशोधकांना तपासलेल्या गर्भाशयाच्या फायब्रॉइड गाठींपैकी सुमारे 70 टक्के गाठींत मेड12 जनुकात उत्परिवर्तने आढळली. त्यांतील बरीचशी 44 क्रमांकाच्या अमिनो आम्लाच्या जागी असतात आणि त्यांमुळे सीडीके8चे कार्य मंदावते. मेड12मधील अन्य जन्मजात बदलांमुळे बौद्धिक वाढ खुंटवणारे विकार होतात.