पुण्याचा ‘एका’ आणि पाचवं वर्ष

नोव्हेंबर 2007 आठवा. जगातल्या 500 वेगवान संगणकांच्या यादीत पुण्याचा ‘एका’ थेट चौथा आला. आशियात पहिला! टाटांच्या कंपनीने सुमारे 3 कोटी डॉलर खर्चून उभारलेला, वेग 117.9 टेराफ्लॉप्स. पेपरांत फोटोबिटो झाले. सहा महिन्यांत तो आठवा, वर्षभरात तेरावा. यंत्र तेच, बिघाड काही नाही. बाकीचे पुढे गेले.

पण नुसता नंबर घसरला म्हणून यंत्र कोणी बंद करत नाही. त्याला मारतं वीजबिल. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या ‘रोडरनर’ने 2008 मध्ये पेटाफ्लॉपची वेस सगळ्यांत आधी ओलांडली. मार्च 2013 मध्ये तो बंद केला, तेव्हा यादीत 22वा होता! नवी यंत्रं तेवढंच काम कितीतरी कमी विजेत करू लागली होती.

‘एका’चे पैसे निदान खासगी होते. राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनचे 2015 साली मंजूर झालेले 4,500 कोटी मात्र आपले. त्यातूनच पुण्यात आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ 2019 साली बसला. फीत कापल्याची बातमी आम्ही पत्रकार छापतोच. पहिल्या चार वर्षांत त्यावर किती तास काम झालं, बाहेरच्या कॉलेजांतल्या किती पोरांना वेळ मिळाला, हा हिशेब दरवर्षी जाहीर करायला काय हरकत आहे?