बीजगणितांतील चौघांच्या धनाचें उदाहरण व पोथ्यांची परीक्षा

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धान्तशिरोमणि रचला. त्यांतील बीजगणिताच्या पोथ्या पारखण्यास त्याच ग्रंथांतील एक उदाहरण कसें उपयोगी पडतें, तें येथें दाखवितों.

अनेकवर्णसमीकरणांत चौघांजवळ अनुक्रमें घोडे ५, ३, ६, ८. उंट २, ७, ४, १. खेंचरें ८, २, १, ३. आणि बैल ७, १, २, १ आहेत. चौघांचें धन सारखें. तर प्रत्येक जनावराचें मोल काय? अव्यक्तें चार आणि समीकरणें तीनच. आचार्य त्यांस या, का, नी, पी हीं अक्षरें देतात. दोघादोघांचीं धनें वजा करून घोड्याचीं तीन मानें निघतात, त्यांवरून उंटाचीं दोन, आणि शेवटीं चार खेंचरांचें मोल एकतीस बैलांइतकें, एवढेंच उरतें. कुट्टकानें बैल ४, खेंचर ३१. मग उंट ७६ व घोडा ८५. प्रत्येकाचें धन ८५३ भरतें. घोड्यापुढें बैल इतका स्वस्त हें कोणा शेतकऱ्यास पटणार नाहीं. पण तो वाद निराळा.

श्लोकांत हे आंकडे शब्दांकांनीं दिले आहेत. गुण म्हणजे ३, परंतु राजनीतीचे गुण ६. अंग म्हणजे वेदांगें ६, परंतु योगाचीं अंगें ८. अंग ८ धरिलें कीं तिसऱ्याचें धन १०२३ होतें व चूक उघडी पडते. मात्र नुसत्या श्लोकावर ही परीक्षा चालत नाहीं. आंकडा फिरला तरी दुसरें कांहीं प्रमाण निघतेंच. उत्तर आचार्यांच्या गद्य विवरणांत आहे. म्हणून केवळ मूळ श्लोकांच्या सुबक पोथीपेक्षां विवरणासह असलेली फाटकी पोथी आम्हांस अधिक मोलाची वाटते. ऋणसंख्येच्या डोक्यावरील बिंदूही लेखक सहज गाळतात. तोही याच गणितानें सांपडतो.

खानदेशांत पाटण येथें आचार्यांचा नातू चांगदेव यानें या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिला, हें डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रसिद्धीस आणिलेल्या शके ११२८ च्या शिलालेखावरून कळतें. त्याचा शेवटचा भाग मराठींत आहे. पाटणापासून फार पूर्वेस, वैनगंगेच्या खोऱ्यांत तिरोड्याकडे कोणा संग्राहकास बीजगणिताची पोथी मिळाल्यास त्यांनीं पुष्पिकेंतील शक पाहण्यापूर्वीं हें उदाहरण काढावें, शब्दांक जसेच्या तसे उतरून घ्यावे, आणि हरताळ लावलेलीं स्थळें वेगळीं नोंदावीं.