नीसची इंग्रजी वाट

पॅरिसचा नोकरदार आज शनिवार-रविवारी भूमध्यसागरतीरी नीसला जाण्याचा बेत सहज करतो. हा सहजपणा मात्र जुना नव्हे. तेथील किनारी रस्त्याचे नावच ‘इंग्रजांची वाट’! १८२० च्या सुमारास कडक हिवाळ्याने गरिबांचा रोजगार बुडाला, तेव्हा लुइस वे या इंग्रज धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने त्यांच्याकडून ती बांधविली गेली. १८६० मध्ये सार्डिनियाचे नीस फ्रान्सकडे आले. १८६४ मध्ये आगगाडी पोचली. तरी समुद्र उरला हिवाळा कंठणाऱ्या धनिकांचाच. तो इतरांना खुला झाला १९३६ मध्ये: ४० तासांचा आठवडा, दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि तिकिटात ४० टक्के सूट. (रजेचे अर्ज खरडणाऱ्या आम्हांस याचे मोल काय सांगावे!) त्या उन्हाळ्यात मुलाबाळांसह दक्षिणेस निघालेल्या कितीतरी कामगारांनी समुद्र प्रथमच पाहिला.