चषकधारी शैवाक

कवक आणि शैवल यांच्या निकट सहजीवनातून सिद्ध होणाऱ्या देहास शैवाक म्हणतात. त्यांपैकी क्लॅडोनिया या प्रजातीतील ज्या जातींना शिखराशी पेल्यासारखे उमलणारे उभे दांडे येतात, त्या चषकधारी होत. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेही शैवाकच. परंतु ते झाडाच्या सालीवर वा खडकावर पानासारखे पसरणारे, पार्मेलिएसी कुलातील असून चषकधारींशी त्याचे नाते एका गणापुरतेच आहे. चषकधारींतील सर्वपरिचित जातीची नोंद लिनीअसने १७५३ मध्ये ‘लायकेन पिक्सिडेटस’ या नावाने केली. क्लॅडोनिया ही प्रजाती पॅट्रिक ब्राउनने १७५६ मध्ये जमेका बेटावरील आपल्या ग्रंथात स्थापिली, आणि लिनीअसची जाती पुढे क्लॅडोनिया पिक्सिडाटा म्हणून तिच्यात दाखल झाली.

या शैवाकाचा देह दोन टप्प्यांनी घडतो. प्रथम मातीवर काही मिलिमीटर लांबीचे, वरून करडे-हिरवे व खालून पांढरे असे खवले पसरतात; मग त्यांतून पोकळ दांडे निघतात, जे पिक्सिडाटात बहुधा एक-दोन सेंटिमीटरच उंच होतात. हे दांडे व त्यांवरील चषक वरकरणी खोडासारखे दिसत असले, तरी त्यांचा विकासक्रम पाहता ते कवकाच्या फलकायाचेच लांबलेले देठ ठरतात. आणि ज्या अवयवाचे मूळ काम केवळ प्रजननाचे, त्याने आपल्या अंगावर शैवलपेशी वागवून अन्ननिर्मितीचाही भार उचलावा, ही या प्रजातीतील सर्वांत विलक्षण गोष्ट मानली पाहिजे.

चषकाच्या काठावर बीजाणू देणारी फळे धरतात. ती पिक्सिडाटात तपकिरी, तर कॉक्सिफेरा जातीत रोडोक्लॅडोनिक अम्लामुळे लालभडक असतात. या बीजाणूंतून केवळ कवक जन्मते, ज्यास अनुरूप शैवल गाठल्यावाचून शैवाक होता येत नाही. म्हणून फिम्ब्रिएटासारख्या जाती, दोन्ही भागीदार सोबत नेणाऱ्या पिठासारख्या कणिका चषकावर धारण करतात. पावसाचा थेंब पेल्यात आदळला, की त्या उडालेल्या तुषारांबरोबर दूर फेकल्या जातात, आणि चषकाच्या आकाराचे प्रयोजन पुष्कळ अभ्यासक यातच पाहतात.

शैवल सामान्यतः ॲस्टेरोक्लोरिस प्रजातीचे, एकपेशीय व हिरवे असते. ते प्रकाशसंश्लेषणाने केलेली शर्करा रिबिटॉलच्या रूपाने कवकाच्या हवाली करते, व कवक तिचे मॅनिटॉल करून साठवते. शैवाक हा एक जीव नसून दोहोंची जोडी आहे, हे सायमन श्वेंडेनरने १८६७ पासून प्रतिपादले, तेव्हा नायलँडरसारख्या अधिकारी तज्ज्ञांनी त्यास कडवा विरोध केला. त्याच नायलँडरने मात्र रसायनांच्या थेंबाने रंगपालट पाहून जाती ओळखण्याची रीत प्रचारात आणली, जिच्यावाचून क्लॅडोनियाचा अभ्यास आज चालणार नाही. कारण यांतील अनेक जाती नुसत्या नजरेस इतक्या सारख्या दिसतात, की अंगच्या अम्लांचा दाखलाच निर्णायक ठरतो.

निवास मुख्यतः समशीतोष्ण व शीत मुलखांत: आम्लधर्मी उघडी माती, शेवाळलेले बांध, कुजके ओंडके, आगीने मोकळी झालेली जमीन. भारतात ही प्रजाती हिमालयात व निलगिरी, पळणी यांसारख्या उंच डोंगरांवर आढळते. मुळे नसल्यामुळे पाणी व क्षार ती साऱ्या पृष्ठभागाने पाऊस, धुके व धूळ यांतून घेते. कोरड पडली की तिचे जीवनव्यापार थांबतात, आणि ओल मिळताच थोड्याच अवधीत पुन्हा सुरू होतात. हीच ग्रहणशीलता हवेतील विषांपुढे तिला निराधार करते. चेर्नोबिल अणुवीजकेंद्राच्या १९८६ मधील अपघातानंतर क्लॅडोनियाच्याच चषकहीन, झुडपी जातींनी किरणोत्सर्गी सीझियम शोषले, त्यांवर हिवाळा काढणाऱ्या रेनडिअरच्या मांसात ते उतरले, आणि स्कँडिनेव्हियातील सामी पशुपालकांना कित्येक कळपांचे मांस टाकून द्यावे लागले. या जाती वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढतात. त्यामुळे एकदा तुडवले वा जळालेले त्यांचे कुरण पूर्ववत होण्यास अनेक दशके जातात.