अपेक्षाभंगाचा हिशेब

चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर उभें राहावें, म्हणजे इंद्रियांची परीक्षा कशी होते तें कळतें. आसमंतांत गुलाल, डोलत येणाऱ्या उंच सासनकाठ्या, ढोलांचा घोष आणि ‘चांगभलं’चा गजर! बहुतेक मुलें यांत लवकरच रमतात. पण एखादें कान घट्ट झांकून किंचाळतें. दुसरें आईचा हात सोडून प्रत्येक नव्या आवाजामागें धांवतें. पहिल्यास आपण हट्टी म्हणतों, दुसऱ्यास द्वाड, आणि बोल लावतों तो आईस. हा न्याय कितपत खरा, हें शास्त्राच्या इतिहासास विचारावें.

त्या इतिहासानेंहि प्रथम हीच चूक केली. १९०२ सालीं लंडन येथें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं चंचल मुलांचें वर्णन केलें, पण उणीव मानली ती नैतिक संयमाची. १९४३ सालीं लिओ कॅनर यांनीं ११ स्वमग्न मुलांचा वृत्तांत दिला. भोंवतालचें सर्व जसेंच्या तसें राहावें हा त्यांचा आग्रह त्यांनीं अचूक टिपला. पुढें ब्रूनो बेटलहाइम यांनीं १९६७ सालच्या ग्रंथांत मातेच्या थंडपणावर दोष ठेविला. स्वतः अशा मुलाचे पिते असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनीं या मताचें खंडन १९६४ सालींच केलें होतें; तरी कलंक पुसावयास फार काळ लागला.

दरम्यान दुसराच एक विचार वाढत होता. मेंदू हा आरसा नव्हे. तो नकळत अनुमानें बांधतो, असें हेल्महोल्ट्झ यांनीं एकोणिसाव्या शतकांतच सांगितलें होतें. अपेक्षित व प्रत्यक्ष यांतील अंतरावरून प्राणी शिकतो, हें रेस्कोर्ला व वॅगनर यांनीं १९७२ सालीं सूत्रांत बसविलें. १९९७ सालीं शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू यांनीं त्याची खूण मेंदूंत दाखविली. माकडास अवचित रस मिळाला कीं डोपामिन-पेशी चेततात. रसापूर्वींचा संकेत ओळखीचा झाला कीं त्या संकेतासच चेततात. आणि रस चुकला तर नेमक्या त्या क्षणीं मंदावतात.

चंचल मुलांत ही चेतना संकेताकडे पुरती सरकत नाहीं, म्हणून दूरचें बक्षीस त्यांस धरून ठेवीत नाहीं, असें ट्रिप व विकेन्स यांनीं २००८ सालीं सुचविलें. स्वमग्न मेंदू प्रत्येक बारीक अपेक्षाभंगास सारखेंच भारी वजन देतो, असें व्हान दे क्राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं मांडलें. हीं अद्याप अनुमानेंच आहेत. सर्व प्रयोगांचा कौल एक नाहीं.

तथापि यात्रेंत ढोल कधीं वाजेल हें मुलास आधीं सांगावें, क्षणभर शांत आडोसा द्यावा, शाबासकी तत्काळ द्यावी, एवढें करावयास अंतिम निर्णयाची वाट कशास पाहावी? आणि त्या आईकडे रोखलेली नजर तर आजच वळवितां येईल.