कोळसा, पोलाद आणि एक नाणें

रॉबेर शूमान हे १९५० सालीं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री होते. परंतु १८८६ मध्यें लक्झेंबर्ग येथें त्यांचा जन्म झाला, तो जर्मन प्रजाजन म्हणून. त्यांच्या वडिलांचा लोरेन प्रांत १८७१ त जर्मनीनें जिंकून घेतला होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सला परत मिळाला, १९४० त जर्मनीनें पुन्हां गिळला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुनश्च फ्रान्सकडे आला. युरोपच्या ऐक्याचीं स्वप्नें कवींनीं व तत्त्ववेत्त्यांनीं पूर्वींहि पाहिलीं होतीं. तीं व्यवहारांत उतरविण्याची तळमळ अशा सीमेवरच्या माणसास लागावी, यांत नवल नाहीं.

९ मे १९५० रोजीं शूमान यांनीं पॅरिस येथें जी योजना जाहीर केली, तिचे खरे जनक झां मोने हे होत. कोन्याक गांवच्या ब्रँडी विकणाऱ्या घराण्यांतील हा गृहस्थ महाविद्यालयाची पायरीहि चढला नव्हता. पण व्यापाऱ्याची नजर त्याजपाशीं होती. तोफा पोलादाच्या होतात आणि पोलादास कोळसा लागतो. लोरेनमध्यें लोखंडाची माती विपुल, तर भट्टीस योग्य असा कोळसा जर्मनीच्या रूर खोऱ्यांत. तेव्हां दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एका सामाईक मंडळाच्या हातीं द्यावें, म्हणजे कोणासहि चोरून शस्त्रें घडवितां येणार नाहींत, असा तो साधा हिशेब होता. शांततेवर व्याख्यानें देण्यापेक्षां भट्टीच्या किल्ल्या एकत्र ठेवणें त्यांना अधिक खात्रीचें वाटलें. एप्रिल १९५१ मध्यें फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड व लक्झेंबर्ग या सहा देशांनीं करारावर सह्या केल्या. इंग्लंड दूर राहिलें. ॲटली यांच्या मजूर सरकारनें नुकत्याच राष्ट्राच्या मालकीच्या केलेल्या खाणी परकीय मंडळाच्या अधिकाराखालीं देणें त्यांस मानवलें नाहीं.

पुढील वाट सरळ नव्हती. सामाईक सैन्याची योजना १९५४ मध्यें खुद्द फ्रेंच प्रतिनिधिसभेनेंच फेटाळली. मग १९५७ च्या रोमच्या करारानें सामाईक बाजारपेठ निघाली. तींत शेतकऱ्यांस भावाची हमी मिळाली, आणि कालांतरानें लोण्याचे अक्षरशः डोंगर कोठारांत सांचले. त्यांचा खर्च अर्थात् करदात्यांच्या माथीं बसला. तरी सत्तर वर्षांत तीनदां एकमेकांच्या उरावर बसलेलीं फ्रान्स व जर्मनी हीं राष्ट्रें पुन्हां लढलीं नाहींत. याचें श्रेय अमेरिकेच्या सैन्यास व रशियाच्या धाकास आहे, असें टीकाकार म्हणतात. त्यांत तथ्य आहे. पण धाकानें लढाई थांबते, लोरेन कोणाचा हा प्रश्न निरर्थक होत नाहीं. तो झाला.

खरी कसोटी नाण्यानें घेतली. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारानें सामाईक चलन ठरलें व २००२ च्या प्रारंभीं युरोचीं नाणीं लोकांच्या खिशांत आलीं. ज्या देशाचा माल खपत नाहीं, त्याच्या चलनाची किंमत घसरते आणि माल आपोआप स्वस्त होतो. ही झडप युरोनें बंद केली. अमेरिकेंतहि सर्व संस्थानांत एकच डॉलर चालतो. परंतु तेथें एखादें संस्थान बुडूं लागलें कीं मध्यवर्ती खजिन्यांतून पैसा तिकडे वाहतो. युरोपनें चलन एक केलें, खजिने मात्र वेगळे ठेवले.

याचें फळ ग्रीसनें भोगलें. २००९ च्या अखेरीस तेथील नव्या सरकारनें तुटीचे जुने आंकडे खोटे असल्याचें उघड केलें. २०१० मध्यें ११० अब्ज युरोंचें कर्ज मंजूर झालें. पुढें आणखीहि कर्जें देण्यांत आलीं. त्यांचा मोठा भाग जुन्या सावकारांचीं देणीं फेडण्यांतच गेला, आणि मोबदल्यांत पगार व निवृत्तिवेतनें कापलीं गेलीं. देशाचें उत्पन्न सुमारें चतुर्थांशानें घटलें. २०१३ त निम्म्याहून अधिक कामेच्छु तरुण बेकार होते. ग्रीसचा हिशेब खोटा होता हें निर्विवाद. पण डोळे मिटून कर्ज देणाऱ्या फ्रेंच व जर्मन बँकांस शहाणें कसें म्हणावें? आणि १९५३ मध्यें लंडन येथें जर्मनीचें जवळजवळ निम्में परदेशीं कर्ज माफ झालें, तेव्हां माफी देणाऱ्यांत ग्रीसहि होता, याची आठवण बर्लिनमध्यें फारशी कोणी काढली नाहीं.

इंग्लंडची तक्रार निराळी. १९७३ त आंत आलेल्या या देशानें २०१६ च्या लोकमतांत ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनीं बाहेर पडण्याचा कौल दिला. पूर्व युरोपांतून येणारे कामकरी हें त्याचें एक मोठें कारण होतें. या मोकळ्या दारानें गोमंतकीयहि गेले होते: १९६१ पूर्वींच्या पोर्तुगीज अमलाच्या आधारें पोर्तुगालचें नागरिकत्व मिळवून अनेक कुटुंबें स्विंडन शहरीं स्थायिक झालीं. २०२० अखेर तें दार नव्या येणाऱ्यांस बंद झालें.

त्याच वर्षीं महामारीनें उद्योग ठप्प झाले, आणि ग्रीसच्या वेळीं जें अशक्य म्हणून सांगितलें जात होतें तें जुलै महिन्यांत घडलें. सत्तावीस देशांनीं ७५० अब्ज युरोंपर्यंतचें कर्ज सामाईक नांवावर काढण्याचें ठरविलें. त्याची फेड २०५८ पर्यंत चालावयाची आहे. ती कोणत्या करांतून करावी, यावर मात्र त्यांचें एकमत झालें नव्हतें.