वलयी संयुगे

ज्या संयुगांच्या रेणूतील काही अणू सहसंयुज बंधांनी एकमेकांना जोडले जाऊन बंद साखळी तयार होते, त्यांना वलयी संयुगे म्हणतात. त्यांसाठी 'चक्रीय' हा शब्दही रूढ आहे. मात्र चक्र म्हटले की फिरणे मनात येते, त्यामुळे 'वलय' अधिक नेमका ठरतो. वलय वर्तुळाकार किंवा सपाट असलेच पाहिजे असे नाही. सायक्लोहेक्झेनचे सहा कार्बन अणूंचे वलय खुर्चीसारखे वाकलेले असते, तर बेंझीनचे सपाट असते.

कार्बनच्या वलयात ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा गंधक यांसारखा अणू आल्यास ते विषमवलय होय. उसाच्या साखरेच्या रेणूत सहा अणूंचे एक आणि पाच अणूंचे एक अशी दोन विषमवलये असतात.

हळदीतील वलये

मिरज तालुक्यातील सांगली ही हळदीची जुनी बाजारपेठ आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीला पिवळा रंग देणारे कुरकुमीन 1815 मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याची संरचना 1910 मध्ये निश्चित झाली. त्याच्या 21 कार्बन अणूंपैकी 12 अणू बेंझीनच्या दोन वलयांत, 7 त्या वलयांना जोडणाऱ्या साखळीत आणि 2 मिथॉक्सी गटांत असतात.

या साखळीच्या मध्यभागी आणखी एक वलय असल्याचा भास होतो. कुरकुमीनच्या ईनॉल रूपात दोन ऑक्सिजन अणूंमधील हायड्रोजन एकाशी सहसंयुज बंधाने, तर दुसऱ्याशी हायड्रोजन बंधाने जोडलेला असतो. त्यामुळे सहा अणूंचे कडे पूर्ण होते. हायड्रोजन बंध दुर्बल असल्याने नामकरणात हे कडे वलय म्हणून धरले जात नाही; कुरकुमीनची वलये दोनच मोजली जातात. तरीही ईनॉल रूपाला स्थैर्य मिळते ते या कड्यामुळेच.

दोन्ही वलयांवर एकेक हायड्रॉक्सिल गट असतो. चुन्यासारख्या आम्लारीच्या संपर्कात या गटांतील हायड्रोजन आयन निघून जातो आणि उरलेला ऋणभार वलयातून साखळीपर्यंत पसरतो. रेणू आता निराळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो व पिवळी हळद लाल दिसते. पारंपरिक पद्धतीने हळदीपासून कुंकू करताना रंग पालटतो तो यामुळे. हाच रंग आम्ल मिसळल्यास पुन्हा पिवळा होतो. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद दर्शक म्हणून वापरतात.